डोंगरावर माझ्या आवाजात कोण बोललं

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतो. वाचताना हातात पेन्सिल असते, ही मास्तरकीची खोड. समासात लिहीत जातो — "अर्धवट झोप", "पत्र्यावरचा वारा", "घुबड", "भूक". हो, भूक. उपाशी माणसाला काय काय दिसतं याची यादी मोठी आहे. माझी बायको म्हणते, "लोकाइनं मनापासून लिहिलं असते, तुमी त्याचे बी मार्क कापता." कापतो. कापायलाच पाहिजेत.

मी मिलिंद. चांदूर रेल्वेच्या एका शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, आता रिटायर आहे. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव गेले, आणि आजोबा म्हणायचे की भुतंही त्यांच्यासोबतच गेली — "एकाच बैलबंडीत बसवून देल्ली दोघाइले." शाळेत दरवर्षी मी पोरांना लिंबातून रक्त काढून दाखवायचो, मग तेच कसं काढायचं ते शिकवायचो. अंगात येणाऱ्या एका बाईला मी भर चौकात प्रश्न विचारले होते, त्यावरून आठ दिवस गावात माझ्याशी कोणी धड बोललं नव्हतं. तर असा मी. आणि खाली जे लिहितो आहे त्याच्या समासात काय लिहावं ते मला वर्ष झालं तरी सुचलेलं नाही.

गोष्ट माझी आणि गजूची. गजू म्हणजे गजानन, वरूडकडचा, संत्र्याची बाग आहे. बी.एस्सी.ला अमरावतीत आम्ही होस्टेलच्या एका खोलीत तीन वर्षं काढली. त्यानं डिग्री घेतली आणि बागेत गेला, मी मास्तर झालो. गजूचा सगळ्यावर विश्वास. गाडीला लिंबू-मिरची, बागेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काळी बाहुली, मांजर आडवी गेली की पाच मिनिटं गाडी बंद. मी त्याला अडाणी म्हणतो, तो मला "कोरडा मानूस" म्हणतो. अडतीस वर्षं हे भांडण सुरू आहे आणि अजून कोणी हरलेलं नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे घोळ नको. आम्ही डोंगरावर गेलो त्या दिवशी गजूच्या गाडीत सीटखाली नागपूरच्या डॉक्टरांची फाइल होती. हृदयाच्या तीन नळ्या बंद, बायपास करा, महिनाभरसुद्धा थांबू नका, असं तिच्यात लिहिलेलं. गजूनं ऑपरेशन करायचं नाही असं ठरवलं होतं. घरी बायकोला, म्हणजे सुमनवहिनींना, "गॅस होऊन राह्यला" एवढंच सांगितलं होतं. मला यातलं काही माहीत नव्हतं. असतं, तर डोंगर सोडा, मी त्याला घराचा जिना चढू दिला नसता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला. "मिल्या, चिखलदऱ्याकडचा तो डोंगर आठवते काय? कॉलेजच्या कॅम्पात चढलो होतो तो. चाल, जाऊ."

"आता? साठ वर्षाचे झालो बे आपण."

"म्हूनच म्हनून राह्यलो. करीच्या दिवशी जाऊ."

कर म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. बैल गोठ्यात, माणसं मटणाच्या वासावर. पत्ते कुटायचे आणि कामाला हात लावायचा नाही. गजूकडे आता बैल नाहीत, ट्रॅक्टर आहे. तो म्हणाला, "ट्रॅक्टरले हार घातला, पुरनपोळी दाखवली, झाला पोळा." मला ते गमतीचं वाटलं. सणासुदीला घर सोडून जाणारा गजू नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं.

मी अमरावतीमार्गे, तो मोर्शीमार्गे, असे परतवाड्याला भेटलो. माझी गाडी तिथं एका ओळखीच्याकडे लावली आणि त्याच्या गाडीनं घाट चढलो. चिखलदऱ्याच्या पलीकडे काही किलोमीटरवर एक छोटं गाव आहे, कोरकूंची वस्ती. त्या गावाच्या मागून गुरं चारायची वाट डोंगरावर जाते. गावाचं आणि डोंगराचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं की पुढच्या रविवारी लोक रील काढायला जातील, आणि तो डोंगर कसा आहे ते तुम्हाला पुढे कळेलच.

गावात कोणी सोबत यायला तयार नव्हतं. कर होती ना. ओट्यावर पत्ते खेळणाऱ्यांतला एक जण, रामलाल नावाचा, मान वर न करता म्हणाला, "आज मत जाव साब. बादल नीचे आयेगा. कल मी येतो." गजू म्हणाला उद्या वेळ नाही. मी म्हणालो वाट मला पाठ आहे. अडतीस वर्षांपूर्वी एकदा चाललेली वाट पाठ आहे म्हणणारा माणूस विद्यार्थी असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

साडेआठला चढायला लागलो. गवत गुडघ्याएवढं, दगड शेवाळलेले, अधूनमधून ढगाचा पट्टा अंगावरून जायचा. गजू दर दहा मिनिटांनी थांबायचा आणि थांबलं की काहीतरी निमित्त काढायचा. "हे झाड पाह्य. ते फूल पाह्य." मी म्हणालो, "फुलं पाहाले आला काय बे? संत्रे खाऊन खाऊन टायर झाला तुहा." तो हसला. हसताना त्यानं छातीवर हात ठेवला होता. मी पाहिलं, आणि पाहून सोडून दिलं.

साडेअकराला माथ्यावर पोचलो. माथा म्हणजे एक उघडं पठार, मधोमध सर्वेवाल्यांनी कधीकाळी उभारलेला दगडी खांब. स्वच्छ दिवशी तिथून दक्षिणेला अख्खं वऱ्हाड खाली पसरलेलं दिसतं. त्या दिवशी फक्त पांढरं. खांबाला पाठ लावून बसलो, गजूनं डबा उघडला. कालची पुरणपोळी, वर थिजलेलं तूप. अर्धी पोळी झाल्यावर, तोंडात घास असताना, तो म्हणाला,

"मिल्या, मले बायपास सांगतली."

"कोणाले?"

"मले बे. नागपूरच्या डॉक्टरनं. झाले बारा-तेरा दिवस."

"अन् तू डोंगर चढून राह्यला?"

"करायचंच नाई म्हटल्यावर मंग चढायले काय?"

मी त्याला जे बोललो ते छापण्यासारखं नाही. साठ वर्षांचा रिटायर्ड मास्तर डोंगराच्या टोकावर उभा राहून होस्टेलच्या भाषेत शिव्या देत होता. गजू शांतपणे पोळी खात होता. माझं संपल्यावर त्यानं हात पुसले.

"माहा बाप दवाखान्यात मेला, तुले माहीत हाय. इथंच अमरावतीले, आपल्या होस्टेलपासून सायकलनं दहा मिनिटं. जवळ कोनी नाई. शुद्धीत होता का नोता, ते बी सांगाले कोनी नोतं. जनावर मरते तसा मेला. मी गेलो तं तोंडावर चादर. मले तसं नाई मरायचं. बागेत मरीन, इथं मरीन. त्या काचेच्या खोलीत एकट्यानं नाई."

एरवी मी प्रत्येक गोष्टीवर बोलतो. हा विषय मात्र मी बाजूला सारला. विचारलं, "वहिनीले माहीत हाय?"

"नाई."

"पल्लवीले?" पल्लवी त्याची मुलगी, पुण्यात नोकरीला.

"कोनालेच नाई. तुले सांगतलं, तेवढं बस."

"मी खाली गेलो की पहिला फोन वहिनीले लावतो."

"लाव. मी तरी नाई जानार."

मी डबा बंद केला आणि उठलो. डोक्यात एकच — याला लवकरात लवकर खाली न्यायचं. तेवढ्यात ढग खाली बसला. खांबापासून पाच पावलांवर गेलो तर खांब दिसेना. आलेली वाट उत्तरेकडे धारेवरून जात होती, ती सापडेना. आणि इथं आम्ही दोघांनी मिळून ती चूक केली जी फक्त आमच्यासारखी सपाट मुलखातली माणसंच करू शकतात.

काळ्या मातीत वाढलेल्या माणसाला एक गोष्ट लहानपणापासून शिकवलेली असते. वाट चुकली तर नाला धर. नाला नदीला जाते, नदीवर गाव असतेच. आमच्याकडे ते खरं आहे. एक बारीक नाला पायाखाली लागल्याबरोबर गजू म्हणाला, "पानी गावाकडेच जाईन," आणि मी, ज्यानं भूगोलाच्या सरांच्या सुटीत पोरांना या डोंगराची दक्षिण बाजू कशी सरळ कापलेली आहे ते फळ्यावर काढून दाखवलेलं, तो म्हणालो, "हो, चाल."

पंधरा-वीस मिनिटं उतरलो. मग गजू एका मोठ्या दगडाशी खाली बसला. तोंड पांढरं, शर्ट घामानं भिजलेला, डावा हात उजव्या हातानं धरलेला. बोलता येईना. डॉक्टरनं दिलेली जिभेखाली ठेवायची गोळी त्यानं खुणेनं खिशात दाखवली, ती मी ठेवली. मोबाइलला रेंज नाही. घड्याळात पावणेएक.

माझा रेनकोट त्याच्यावर घातला, दगडाला टेकवून नीट बसवलं. म्हणालो, "गजू, हलायचं नाही. उठायचं नाही. मी माणसं घेऊन येतो." त्यानं मान हलवली. मी निघालो. मागे वळून पाहिलं तेव्हा तो दिसत नव्हता, इतकं ते दाट होतं.

नाल्यानं परत वर चढलो, माथ्यावर आलो. मोबाइलमधल्या होकायंत्राला रेंज लागत नाही हे तेव्हा आठवलं, आधी आठवायला काय झालं होतं कोण जाणे. सुई उत्तरेला धरून चालत राहिलो. खरं सांगतो, भीती जंगलाची नव्हती. तो तिथं एकटा मरेल आणि मी जवळ नसेन, ही होती. आणि चालताना मला सारखे गजूचे वडील आठवत होते. लाल फेट्यातले, संत्र्याची करंडी घेऊन होस्टेलवर येणारे. वाट सापडली. गाव गाठायला एकूण दीड तास लागला.

पत्त्यांचा डाव तसाच सुरू होता. मी नाला म्हणताच रामलालनं पत्ते खाली टाकले. "साब, वो नाला गाव को नई जाता. वो आगे गिरता है." चौघं जण उठले. करीच्या दिवशी, जेवणं बाजूला सारून, एक खाट आणि दोर घेऊन ती माणसं माझ्या पुढे पळाली. त्यांना आडवी वाट माहीत होती, तरी पोचायला अर्धा तास लागला. म्हणजे गजू तिथं दोन तास तरी एकटा होता.

आता जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

नाल्याच्या जवळ आलो तेव्हा आवाज ऐकू आला. गजूचाच. ओरडत नव्हता, बोलत होता. हळू, निवांत, ओट्यावर बसून बोलतो तसा. "हाव... हाव... मंग?" मग गप्प. मग थोडं हसणं. मग पुन्हा, "असं काय... मंग काय म्हने तो?" कोणीतरी काही सांगत आहे आणि तो ऐकतो आहे, असं. रामलाल थांबला. मला हळूच विचारलं, "साब, तुमचा और एक आदमी है क्या इधर?"

"नाही."

"तो बात किससे कर रहा है?"

आम्ही पुढे गेलो. गजू मी बसवला तसाच बसला होता, रेनकोट अंगावर. तोंड मात्र डावीकडे वळवलेलं, तिथं दुसरा एक दगड होता त्याच्याकडे. मला समोरून येताना पाहून त्यानं त्या दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा दगडाकडे. म्हणाला, "तू तिकडून कोठून आला बे? आताच तं इथं होता."

तेवढ्यात ढग जरासा हलला. गजूच्या पायांपासून दहा-बारा फुटांवर नाला संपत होता. पुढे काहीच नव्हतं. खूप खाली झाडांचे शेंडे दिसत होते. रामलालनं काही न बोलता गजूचा दंड धरला, आणि खाट येईपर्यंत सोडला नाही.

चिखलदऱ्याला प्राथमिक उपचार, तिथून ॲम्ब्युलन्सनं परतवाड्याला एका दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, अटॅक आला होता, थोडक्यात वाचले, स्थिर झाले की नागपूरला हलवा. सुमनवहिनी वरूडहून निघाल्या होत्या. संध्याकाळी सातच्या सुमारास मी त्याच्या पलंगाशी बसलो होतो. नळ्या लावलेल्या, पण बोलणं ताळ्यावर आलं होतं.

"मिल्या, तू गेला अन् पाच मिनिटात परत काहून आला होता?"

"मी नाही आलो."

"आला ना. बाजूच्या दगडावर बसला. मी दोनदा उठलो. मले वाटे, उतरून जाऊ, जवळच हाय. दोन्ही खेपी तू म्हटलं, बस. हलू नको. तुह्याच आवाजात. मास्तरासारखा. दिसत नोता चांगला. पन आवाज तुहा."

मी म्हणालो, ऑक्सिजन कमी पडला की मेंदू असं करतो. हे मी त्याला नीट समजावून सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला,

"मंग तू बापाच्या निरोपाचं सांगतलं."

मी दाराकडे पाहिलं, कोणी ऐकत तर नाही ना.

"काय सांगितलं?"

"तेच. निरोप पेपर सुटल्यावर नाई, सकाळी साडेसहाले आलता. जीपचा ड्रायव्हर आलता, होस्टेलच्या गेटवर, दूधवाल्याच्या मांगं उभा. तू ब्रश करत होता. अन् तो म्हने, गजूले पाठवा, बाप विचारून राह्यला."

आता मला हे तुम्हालाही सांगावं लागेल. त्या सकाळी आमचा शेवटच्या वर्षाचा केमिस्ट्रीचा पेपर होता. गजूच्या वडिलांना छातीत दुखतं म्हणून भाड्याच्या जीपनं आणून भरती केलं होतं, आणि तो ड्रायव्हर गजूच्या आईला आणायला परत चालला होता. गेटवर भेटलो तो मी. मी विचार केला — आत्ता सांगितलं तर गजू पेपर सोडेल, वर्ष जाईल. आमच्या घरांत डिग्री म्हणजे काय होतं ते आजच्या पोरांना कळणार नाही. माणूस भरती आहे, डॉक्टर आहेत, चार-पाच तासांनी काय होतं? मी पण तोच पेपर लिहीत होतो, त्याच्या दोन बाक मागे. सव्वाअकराला हॉलबाहेर आल्यावर मी त्याला म्हणालो, आत्ताच निरोप आला. वडील दहाला गेले होते. त्या पेपरात गजूला बहात्तर मार्क पडले, आणि ती मार्कशीट कुठं आहे हे त्यालाही माहीत नाही.

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तो ड्रायव्हर भाड्याचा, परका माणूस, पुन्हा कधी कोणाला दिसला नाही. आणि "बाप विचारून राह्यला" हे वाक्य... मी अडतीस वर्षं स्वतःशी असं धरून होतो की तो म्हणाला, काळजीचं कारण नाही. गजूच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला तो माणूस पुन्हा दिसला, आणि तो दोन्ही वाक्यं बोलला होता. दुसरं मी विसरून गेलो होतो. विसरलो म्हणण्यापेक्षा, विसरायचं ठरवलं होतं.

"खरं हाय काय?" गजूनं विचारलं.

"हो."

त्यानं नजर छताकडे वळवली. डोळ्यांतून पाणी कानाकडे जात होतं, नळ्यांमुळे त्याला पुसता येईना. मी पुसायला हात पुढे केला तर त्यानं मान बाजूला केली. ते मला लागलं, आणि लागायलाच पाहिजे होतं.

मग म्हणाला, "म्हंजे शुद्धीत होता. माहं नाव घेऊन राह्यलता. मी तं समजत होतो, त्याले कायचीच खबर नोती."

"गजू, मी..."

"तू चूप बस. माफीबिफी काही सांगू नको मले. ते मंग पायतो." श्वास लागला म्हणून थांबला. "मी बी तेच करून राह्यलो ना बे. माह्या पोरीले द्यायचा निरोप दाबून ठेवला. तिले वाटन, बापाले गॅस झाला. अन् एक दिवस चादर पाहाले येईन." त्यानं हात पुढे केला. "फोन लावून दे पल्लवीले. मीच बोलतो."

मी नंबर लावून फोन त्याच्या कानाशी धरला. तो मुलीला म्हणाला, "बेटा, मले बायपास सांगतली. ये तू." एवढंच. पलीकडून ती रडत होती ते मला ऐकू येत होतं.

नागपूरला नवव्या दिवशी ऑपरेशन झालं. आत नेताना मला म्हणाला, "बाहेर बसजो. अन् या खेपी कोनाचा निरोप आला तं लगेच सांगजो." साडेपाच तास लागले. मी बाकावर बसून, कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, त्याच्याशी बोलत होतो. बस, गजू. हलू नको. पल्लवी आली आहे, इथंच आहे. पल्लवीनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मला वाटलं ती काही विचारेल. तिनं फक्त माझ्या हातात पाण्याची बाटली दिली.

तिसऱ्या दिवशी त्याला विचारलं, "ऐकू आलं काय काही?"

"काय?"

"मी बाहेर बोलत होतो."

"नाई बे. मस्त झोपलो होतो."

वर्ष झालं. मी या गोष्टीवर खूप डोकं चालवलं आहे. त्याला भास झाला हे मान्य. पण भासाला साडेसहाची वेळ आणि दूधवाला कुठून माहीत? त्या सकाळी होस्टेलमधल्या कोणी मला ड्रायव्हरशी बोलताना पाहिलं असेल आणि कधीतरी गजूला सांगितलं असेल, असं म्हणावं, तर इतकी वर्षं पोटात ठेवणारा गजू नाही. तो दुसऱ्याच दिवशी माझ्या घरी येऊन माझी कॉलर धरली असती. मग राहतो मी. धुक्यात चालताना मी ते सगळं मोठ्यानं बोलत होतो का? मनात बोलत होतो हे नक्की. तोंडानं बोललो की नाही, आज शपथेवर सांगता येत नाही. पण बोललो असलो तरी मी धारेच्या पलीकडे होतो, आणि धुक्यातून आवाज कितीही जात असला तरी तो डोंगर ओलांडून जाऊन दगडावर बसत नाही. रामलालला विचारलं तर तो म्हणाला, "साब, आदमी बच गया ना?" आणि विषय संपवला. समास कोरा आहे.

एक गोष्ट मात्र सलत होती. तिथं जो कोणी बोलला, तो माझ्या वाट्याचं बोलला. अडतीस वर्षं जे माझ्या तोंडून निघालं नाही, ते त्यानं दोन तासांत सांगून टाकलं. आणि दवाखान्यात मी फक्त "हो" म्हणालो होतो.

म्हणून दोन महिन्यांनी वरूडला गेलो. गजू बागेत बाजेवर बसला होता. मी समोर बसलो आणि त्या सकाळचं सांगायला लागलो, ब्रशपासून.

त्यानं हात वर करून मला थांबवलं. "हे तं तू सांगतलं ना डोंगरावर."

"तो मी नव्हतो, गजू. मी आता सांगून राह्यलो."

तो बाजेवर थोडा सरकला आणि बाजूला हात ठेवून म्हणाला, "मंग इकडे बस. अन् पयलेपासून सांग."